%20 की %2520? सर्च एपीआयमधला नेहमीचा घोळ

यूआरएलमध्ये स्पेसच्या जागी %20 येतं, हे एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) वापरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. गाडी अडते ती पुढे. एक्ससारख्या (पूर्वीचं ट्विटर) सर्च एपीआयला कॉल करताना लॉगमध्ये कुठेतरी %2520 दिसतं. मग काहीजण ते सगळीकडून पुसून टाकतात, तर काहीजण नमुन्यात पाहिलं म्हणून सगळीकडे घालतात. दोन्ही चूक आहे, कारण %2520 एका जागी हवंच असतं आणि दुसऱ्या जागी अजिबात नको असतं.

एनकोड करणं म्हणजे एखादं चिन्ह यूआरएलमध्ये चालेल अशा %-च्या रूपात लिहिणं. %25 म्हणजे एनकोड केलेलं टक्क्याचं चिन्ह. %20 पुन्हा एनकोड केलं की %2520 होतं, एवढंच त्यामागचं गणित.

यूआरएलमध्ये ते नको. सर्व्हर एकदाच डीकोड करतो, त्यामुळे 'हवामान बदल' शोधायला सांगितलं तरी त्याच्या हाती टक्क्यांची रांग पडते. तसं कुणी पोस्टमध्ये लिहीत नाही. उत्तर येतं २०० (म्हणजे 'सगळं ठीक'), यादी रिकामी, आणि एरर मात्र कुठेच नाही. बहुतेक वेळा क्वेरी (शोधायचा मजकूर) आधी हाताने एनकोड केलेली असते आणि मग रिक्वेस्ट पाठवणाऱ्या लायब्ररीच्या (तयार कोडच्या) पॅरामीटरमध्ये दिलेली असते. लायब्ररी तिचं काम पुन्हा करते.

आता हवं कुठे ते. ओऑथ १.० या एपीआयला ओळख पटवायच्या पद्धतीत (आरएफसी ५८४९, २०१०) प्रत्येक रिक्वेस्टवर सही लागते आणि ती 'सिग्नेचर बेस स्ट्रिंग'वरून काढतात. त्यासाठी आधी प्रत्येक पॅरामीटरचं नाव आणि व्हॅल्यू वेगवेगळी एनकोड करायची. मग त्या जोड्या क्रमाने लावून = आणि & ने जोडायच्या. आणि ही अख्खी स्ट्रिंग पुन्हा एकदा एनकोड करून मेथड (GET, POST वगैरे) आणि मूळ पत्त्याला जोडायची. म्हणजे त्याच क्वेरीतली स्पेस यूआरएलमध्ये %20 असते आणि बेस स्ट्रिंगमध्ये %2520. बेस स्ट्रिंग नेटवर्कवर जातच नाही. सर्व्हर ती स्वतः बांधतो आणि त्यावरून काढलेली सही तुमच्या सहीशी ताडून पाहतो. तिथलं %2520 'दुरुस्त' केलंत की ४०१ (म्हणजे 'ओळख पटली नाही') आलाच.

४०१ दिसला की लोक तडक नवीन एपीआय-की बनवायला धावतात, याचा मला खरंच वैताग येतो. आधी एका इंग्रजी शब्दाची क्वेरी पाठवून बघा. ती चालली आणि दोन शब्दांची अडली, तर एपीआय-की ठीक आहेत, एनकोडिंग तपासा. देवनागरीत मात्र एका शब्दाने काही सिद्ध होत नाही, कारण स्पेस नसली तरी प्रत्येक अक्षर एनकोड होतं. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटचा, म्हणजे एनकोड केल्यावर ४५ चिन्हांचा. यूआरएलमध्ये तो ७५ चिन्हांचा दिसला, तर दोनदा एनकोड झालाय.

बेअरर टोकन (रिक्वेस्टसोबत जसंच्या तसं पाठवायचं ओळखचिन्ह) वापरत असाल तर सही नसतेच, मग %2520 दिसणं म्हणजे चूकच. (टक्क्याचं चिन्हच शोधायचं असेल तर %25 रास्त आहे. म्हणून सरसकट %25 च्या जागी % घालणारा 'उपाय' कोडमध्ये ठेवू नका.)

स्पेससाठी %20 ऐवजी अधिकचं चिन्ह (+) चालेल का, हा वाद लहान आहे: ते वेब फॉर्मच्या पद्धतीत चालतं, सहीत चालत नाही. पीएचपीत यूआरएलएनकोड (urlencode) हे फंक्शन सोडा, रॉयूआरएलएनकोड (rawurlencode) घ्या. हॅशटॅगचं # मात्र %23 करायलाच हवं, नाहीतर तिथून पुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

माझं मत पक्कं आहे: क्वेरी शेवटपर्यंत कच्ची ठेवा, लायब्ररीला पॅरामीटर म्हणून द्या आणि स्ट्रिंगा जोडून यूआरएल बनवू नका. तपासताना कोडमधला व्हेरिएबल छापून भागत नाही. प्रत्यक्ष बाहेर गेलेली यूआरएल छापा आणि तिच्यात %25 शोधा.