उदरसौष्ठव शस्त्रक्रिया, किरणोपचारोत्तर

उदरसौष्ठव शस्त्रक्रिया, किरणोपचारोत्तर : कर्करोगासाठी पूर्वी किरणोपचार झालेल्या व्यक्तीच्या पोटावरील सैल त्वचा व चरबी काढून, गरज असल्यास सरळ उदरस्नायूंमधली ढिली प्रावरणी (स्नायूंवरचे चिवट आवरण) टाक्यांनी आवळण्याची ऐच्छिक शस्त्रक्रिया. बोलीत हिला ‘टमी टक’ म्हणतात. किरणोपचाराला रुग्ण ‘शेक’ किंवा ‘लाईट घेणे’ म्हणतात. ‘शेक कधी घेतला?’ एवढ्या प्रश्नावर शल्यविशारदाचे भागत नाही. तो कुठे, किती आणि कोणत्या यंत्रावर घेतला, यावर पुढचे बहुतेक निर्णय ठरतात.

या शस्त्रक्रियेच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. फ्रान्समध्ये देमार्स आणि मार्क्स यांनी १८९० च्या सुमारास पोटावरचा त्वचा-चरबीचा मोठा भाग काढल्याचे सांगितले जाते. पण हा उल्लेख बहुधा नंतरच्या लेखनातून दुय्यम रीत्याच येतो. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये नोंदवलेली शस्त्रक्रिया अधिक तपशीलवार आहे. त्यांनी काढलेल्या भागाचे वजन सुमारे ७,४५० ग्रॅम होते. लेखी पुराव्याचा विचार करता केली यांच्याकडे झुकते माप जाते. तथापि केली यांचा हेतू सौंदर्याचा नसून लोंबत्या पोटाचा भार उतरवण्याचा होता. सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणून तिला आजचे रूप मुख्यत्वे १९६० नंतर आले आणि त्यात ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांचा १९६७ मधील लेख महत्त्वाचा मानला जातो. योगायोग असा, की हेच केली पुढे अमेरिकेतील रेडियम-उपचाराच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक ठरले; १९१३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रेडियम संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. प्रस्तुत नोंदीचे दोन्ही धागे त्यांच्यापाशी एकत्र येतात.

किरणांनी ऊतकाचे नेमके काय होते, हाही वादाचा विषय आहे. जबड्याच्या हाडाचा अभ्यास करणारे रॉबर्ट मार्क्स (वरील मार्क्स नव्हेत) यांनी १९८३ मध्ये प्राणवायू कमी, पेशी कमी आणि रक्तवाहिन्या कमी अशी त्रिसूत्री मांडली. दाबयुक्त कक्षात शुद्ध प्राणवायू देण्याच्या उपचाराला तिनेच आधार दिला. फ्रान्सच्या सिल्वी देलानियाँ व सहकाऱ्यांनी पुढे तंतुजनक पेशींच्या अनियंत्रित सक्रियतेवर, म्हणजे तंतुभवनावर, भर दिला. त्या मांडणीतून पेंटॉक्सिफायलिन हे औषध आणि ई जीवनसत्त्व यांचा जोडउपचार पुढे आला. दोन्ही मते परस्परांना छेद देतातच असे नाही. मात्र उपचारानंतर कित्येक वर्षांनीही त्वचा घट्ट होत का जाते, याचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक चांगला होतो. ‘आता दहा वर्षे झाली, सगळे भरून आले असेल’ हा रुग्णांचा समज म्हणूनच फसवा आहे. वरवर नितळ दिसणारी त्वचा चिमटीत धरली तरी उचलली जात नाही, किंवा तिच्यावर विस्फारित केशवाहिन्यांचे लाल जाळे दिसते.

यंत्राचा प्रकार येथे दुय्यम नाही. जुन्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरण यंत्रांत सर्वाधिक मात्रा त्वचेवरच पडे. कोबाल्ट-६० यंत्रात ती सुमारे ०.५ सेंमी. खोलीवर, तर ६ मेगाव्होल्टच्या रेषीय त्वरकात (लिनॅक यंत्रात) सुमारे १.५ सेंमी. खोलीवर असते. त्यामुळे कागदावर ५० ग्रे (किरणमात्रेचे एकक) हा एकच आकडा असलेल्या दोन रुग्णांच्या त्वचेची स्थिती सारखी असेलच असे नाही. जुन्या कागदांवर मात्रा ‘रॅड’मध्ये असते, १०० रॅड म्हणजे १ ग्रे.

शस्त्रक्रियेचे यश रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते. ह्यूजर यांनी १९७९ मध्ये उदरभित्तीचे तीन विभाग केले : मध्यभागी खोल अधिजठर (पोटाच्या मध्यभागातील) रोहिण्यांचा पहिला, ओटीपोटावर जांघेकडून येणाऱ्या वाहिन्यांचा दुसरा, आणि दोन्ही कुशींत आंतरपर्शुक (बरगड्यांमधील) व कटी (कमरेच्या) रोहिण्यांचा तिसरा. पूर्ण शस्त्रक्रियेत पहिल्या दोन विभागांच्या वाहिन्या छेदल्या जातात आणि खाली ओढलेला पडदा (सुटा केलेला त्वचा-चरबीचा थर) जवळजवळ तिसऱ्याच विभागावर जगतो. किरणक्षेत्राचा नकाशा या नकाशावर ठेवून पाहिला की धोका कळतो. गर्भाशयमुख किंवा गुदाशयाच्या कर्करोगात श्रोणीला (कटिभागाला) साधारण ४५ ते ५० ग्रे मात्रा दिली जाते. समोरून सोडलेल्या किरणांच्या क्षेत्राखाली येणारी बेंबीखालची त्वचा पुष्कळदा कापून टाकली जाणारीच असते. उरते ती छेदाची खालची कड, आणि जखम उसवते ती तेथेच. याउलट महारोहिणीलगतच्या लसीका (लिंफ) ग्रंथींसाठी किंवा जठरासाठी वरच्या पोटावर किरण दिले असतील, तर जो पडदा जगवायचा तोच दुबळा झालेला असतो. खालचे क्षेत्र त्या मानाने क्षमाशील, असे शरीररचनेवरून म्हणता येते. त्यात यकृताच्या शस्त्रक्रियेचा बरगडीखालचा तिरका व्रण असेल तर तिसरा विभागही तुटलेला समजावा.

श्रोणीतील लसीका ग्रंथी काढलेल्यांत पाय सुजण्याचा धोका आधीच असतो. जांघेलगतचा लांब छेद उरलेल्या लसीकावाहिन्या तोडतो आणि पडद्याखाली पाणी साचत राहते. आतडी उदरभित्तीला चिकटलेली असू शकतात. प्रावरणी आवळल्याने पोटातील दाब वाढतो, हे प्रारणबाधित (किरणांनी इजा झालेले) आतडे किंवा मूत्राशय असलेल्यांना त्रासाचे ठरू शकते. रक्तगुठळीचा धोका मोजणाऱ्या कॅप्रिनी गुणांकनात पूर्वीच्या कर्करोगालाही २ गुण धरले जातात.

स्तनाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी. तेथे किरण छातीवर पडतात, पोट निरोगी राहते, म्हणून शस्त्रक्रिया निर्धोक वाटते. पण १९८२ मध्ये हारट्रॅम्फ यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीपासून स्तनपुनर्रचनेसाठी ओटीपोटाचेच ऊतक वापरले जाते. एकदा टमी टक झाले की ते ऊतक फेकले जाते, वाहिन्या तुटतात, आणि पुढे पुनर्रचना हवी झाल्यास हा मार्ग बंद होतो. उलट क्रमाने, पोटावरच्या ऊतकातून स्तन घडवताना पोट आपोआप सपाट होते. हा क्रम रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असल्यास गुठळीचा धोका वाढतो; ते थांबवावे का, हे कर्करोगतज्ज्ञ ठरवतात.

बालपणी मूत्रपिंडाच्या विल्म्स अर्बुदासाठी (कर्करोगाच्या गाठीसाठी) एका कुशीवर किरण घेतलेल्या प्रौढांत त्या बाजूचे स्नायू व चरबी खुरटलेली आणि पाठीचा कणा कललेला असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा फुगवटा ही चरबी नसून विषमता असते. मध्यरेषेवर टाके घालून ती जात नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचाराचा सारांश मिळवणे, क्षेत्र त्वचेवर आखणे आणि धूम्रपान थांबवणे आवश्यक मानतात. मधुमेह व रक्तक्षय यांची तपासणी आणि कर्करोग पुन्हा उद्भवला नसल्याची खात्री हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. पडदा पूर्ण न उचलता मर्यादित छेद घेणे हा सावध पर्याय आहे. पोटावर किरण घेतलेल्यांतील या शस्त्रक्रियेविषयीची बरीचशी अनुमाने स्तनपुनर्रचनेच्या अनुभवावरून काढलेली आहेत. दाबयुक्त प्राणवायूचा लाभ जबड्याच्या बाबतीतही नंतरच्या चाचण्यांत डळमळीत ठरल्याने पोटासाठी त्यावर विसंबणे घाईचे होईल. इटलीचे जीनो रिगोत्ती यांनी २००७ मध्ये स्वतःच्याच चरबीचे सूक्ष्म रोपण करून प्रारणबाधित त्वचा मऊ होत असल्याचे दाखवले. ते अधिक आशादायक वाटते.

भारतीय आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया सर्वसाधारणतः वगळलेली असते, परंतु कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या अपवर्जनात येत नाही. व्रणातील हर्निया दुरुस्त करताना सैल त्वचाही काढली, तर त्याला काय म्हणायचे यावर दावा मंजूर होणे अवलंबून असते.