तो आवाज एडगर वॉलेसचा नाही

‘हॅलो, हिअर श्प्रिष्ट एडगर वॉलेस’ (नमस्कार, एडगर वॉलेस बोलतोय). इंग्रज रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कथांवरच्या जर्मन चित्रपटांच्या सुरुवातीला, गोळ्यांच्या आवाजापाठोपाठ येणारं हे वाक्य लेखकाचंच जुनं ध्वनिमुद्रण, असं अनेकजण आजही ठामपणे सांगतात. साफ चूक. वॉलेस फेब्रुवारी १९३२ मध्ये अमेरिकेत, बेव्हर्ली हिल्सला वारला. रिआल्टो कंपनीची ही जर्मन चित्रपटमालिका सुरू झाली १९५९ मध्ये, ‘डेर फ्रोश मिट डेर मास्के’पासून. त्या पहिल्या चित्रपटात हे वाक्य नव्हतंच, नंतर आलं. आवाज बहुतेक वेळा दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर यांचा, म्हणजे ‘डेर हेक्सर’ (१९६४) करणाऱ्यांचाच. आणि हो, पडद्यावरचं ते धुकट लंडन? रस्त्यांची काही दृश्यं खरी, बाकी बराचसा मामला जर्मनीतल्या स्टुडिओंतला. श्रेयनामावली मात्र कृष्णधवल चित्रपटातही अनेकदा रंगीत असायची!