जोडप्यांचा पीजी प्रवेश

जोडप्यांचा पीजी (पदव्युत्तर) प्रवेश : एमबीबीएस झालेल्या नवरा-बायकोने, किंवा लग्न ठरलेल्या दोघांनी, एमडी, एमएस अथवा डीएनबीच्या (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदव्युत्तर पदवीच्या) जागा एकाच शहरात मिळाव्यात म्हणून एकमेकांशी ताळमेळ ठेवून पसंतीक्रम भरण्याची पद्धत. अमेरिकेत अशा जोडप्यांसाठी प्रवेशयंत्रणेतच सोय आहे. भारतात नाही. इथे प्रत्येक उमेदवार यंत्रणेच्या लेखी एकटा असतो. त्यामुळे मराठवाड्यातली डॉक्टर जोडपी हे काम वही, गेल्या वर्षीचे कटऑफ आणि घरच्यांच्या सल्ल्यावर भागवतात. घरातली वडीलधारी माणसे त्याला एवढेच म्हणतात : ‘दोघांचा नंबर एका गावात लागला पाहिजे.’

एमडी-एमएसची मुदत तीन वर्षांची असते आणि ही वर्षे नेमकी पंचविशी ते तिशीतली. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राने १९९२ मध्ये आखलेल्या योजनेत सलग १२ तासांहून अधिक ड्यूटी नको आणि आठवड्याला साधारण ४८ तास काम, असे लिहिलेले आहे. प्रत्यक्षात जेआर-वनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरची, ड्यूटी सलग ३६ तास चालणे ही कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत आठवड्याची एक सुटी आणि वर्षाला २० दिवसांची पगारी रजा धरली आहे. एवढ्या सुटीत दोन शहरांमधला संसार बसत नाही. एका शहरात असले तर पोस्ट-ड्यूटी झोपलेल्या माणसाशेजारी डबा तरी ठेवता येतो.

प्रवेशाची व्यवस्था अशी. नीट-पीजी ही एकच परीक्षा, २०० प्रश्न, ८०० गुण. शासकीय महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी भरते, उरलेल्या निम्म्या राज्याचा सीईटी कक्ष. अभिमत विद्यापीठांच्या आणि डीएनबीच्या जागाही कमिटीकडेच. उमेदवाराने महाविद्यालय आणि विषय यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरायच्या. गुणवत्ता यादीत त्याचा नंबर येईल तेव्हा यादीतली वरून पहिली जी जागा शिल्लक असेल ती त्याला मिळते. मुलाखत नाही, शिफारस नाही. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. पण ‘ती घाटीत असेल तरच मलाही घाटी द्या, नाहीतर आम्हा दोघांना लातूर द्या’ हे सांगायला त्या अर्जात रकाना नाही.

मराठवाड्याचा नकाशा या प्रश्नाला आणखी अवघड करतो. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय (१९५६), ज्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण महाविद्यालय, नांदेडचे विष्णुपुरीला असलेले डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय (१९८८) आणि लातूरचे विलासराव देशमुख महाविद्यालय (२००२) ही जुनी चार. धाराशिव (२०२२), परभणी (२०२३), जालना आणि हिंगोली (दोन्ही २०२४) ही नवी असल्याने आज आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी पीजीचा विचार करणारी जोडपी मुख्यतः जुन्या चारांभोवतीच फिरतात. त्यातही संभाजीनगरला घाटीबरोबर एमजीएम हे अभिमत महाविद्यालय आहे आणि लातूरला शासकीयबरोबर एमआयएमएसआर हे खासगी. म्हणजे या दोन शहरांत एकीला शासकीय, दुसऱ्याला खासगी किंवा अभिमत असा मेळ बसू शकतो, फी परवडत असेल तर. नांदेडला आणि अंबाजोगाईला मात्र दोघांचा नंबर एकाच इमारतीत लागावा लागतो.

अंतरांचा हिशेब प्रत्येक जोडप्याच्या वहीत असतो. लातूर ते अंबाजोगाई रेणापूरमार्गे सुमारे ५५-६० किलोमीटर. ड्यूटी नसलेल्या संध्याकाळी एसटीने जाऊन सकाळच्या राउंडला परत येता येते, म्हणून ही जोडी ‘एका गावासारखीच’ मानणारे पुष्कळ आहेत. पण अंबाजोगाईला रेल्वे नाही, जवळचे मोठे स्टेशन परळी. शेवटची गाडी चुकली की संपले. नांदेड आणि संभाजीनगर यांत अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, तपोवन एक्स्प्रेसने चार-पाच तास. महिन्यातून एखादी भेट झाली तरी पुष्कळ.

आणखी एक गोष्ट इथे जोडावी लागते. एमबीबीएसला राज्यात ७०:३० हे विभागीय सूत्र होते. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्या मुलांना. महाविद्यालये कमी म्हणून मराठवाड्यातल्या मुलांवर त्यात अन्याय होतो, अशी इथली जुनी तक्रार होती. २०२० मध्ये ते रद्द झाले. तेव्हापासून लातूर-नांदेडची मुले मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत अधिक मोकळेपणी जाऊ लागली. तिथे जुळलेल्या जोड्यांत एकाचे घर उदगीरला, दुसरीचे सांगलीला असेही होते. मग पीजीला कुणाच्या गावाजवळ, हा नवा प्रश्न सोबत येतो.

चॉइस भरण्याची रात्र बघण्यासारखी असते. जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप. मधे दोनशे पानी वही, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे तिचे नाव, उजवीकडे त्याचे. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची यादी मोबाइलवर उघडलेली. ‘घाटी, पेडिया (बालरोग), दुसरी फेरी’ असे एकाने वाचायचे, दुसऱ्याने पेन्सिलीने टिंब द्यायचे : हिरवे म्हणजे नक्की, लाल म्हणजे नशीब. दोघांचे प्रवर्ग वेगळे असले तर कटऑफही दोन वेगवेगळ्या रकान्यांत बघावे लागतात. ‘अगं, गायनॅक नांदेड वर घे, माझं ऑर्थो तिथंच बसतंय.’ ‘अरे पण मग लातूर खाली जातं की.’ आई चहा ठेवून जातात आणि दाराशी जरा थांबतात, काही विचारत नाहीत. अर्ज भरताना वडिलांचा नंबर दिलेला, त्यामुळे लॉक करायचा ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि ते एव्हाना झोपलेले असतात.

मूळ पेच असा. समजा तिचा रँक त्याच्यापेक्षा दहा हजारांनी वरचा आहे. तिला घाटीत हवी ती ब्रँच, म्हणजे विषय, मिळेल. त्याला घाटीत फारसे काही नाही, अंबाजोगाईत काहीतरी आहे. तिने घाटी वर ठेवली तर दोघे वेगळे. तिने अंबाजोगाई वर ठेवली तर ती आपली जागा सोडते, आणि त्याचा नंबर तिथे लागेल याची हमी तरीही नाही. म्हणजे सोडले ते सोडले, मिळाले काहीच नाही, असेही घडू शकते. म्हणून जाणती जोडपी एक युक्ती करतात. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर मनासारख्या शहरात लागला त्याने स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून जागा पक्की करायची, म्हणजे खुंटा ठोकायचा. दुसऱ्याने पुढच्या फेरीत फक्त त्याच शहराच्या जागा भरायच्या. यात धोका दोन ठिकाणी आहे. एक, दोघांनीही पुढच्या फेरीची वाट मोकळी ठेवली आणि दोघांचीही जागा बदलली, तर आधीची आपोआप रद्द होते. कालपर्यंत एका गावात असलेली जोडी आज दोन गावांत. दोन, केंद्राच्या आणि राज्याच्या फेऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि पुढच्या फेऱ्यांत मागे फिरण्याची मुभा कमी कमी होत जाते. स्ट्रे फेरीपर्यंत, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीपर्यंत, ताणणाऱ्याने हे नियम तोंडपाठ करावेत, सिनिअरच्या सांगण्यावर राहू नये. दरवर्षी काही ना काही बदलते.

या तडजोडीत कोण काय सोडते हे स्पष्ट लिहायला हवे. रँक कुणाचाही वर असो, ब्रँच बदलण्याची वेळ आली की पहिली नजर मुलीकडे जाते. मेडिसीनची इच्छा असलेली मुलगी ‘घरच्या हॉस्पिटलला लागेल’ म्हणून गायनॅक घेते, सर्जरीची इच्छा असलेली ‘लेकरं बघायला सोपं’ म्हणून पॅथॉलॉजी. यामागे तालुक्याच्या गावचे अर्थकारण आहे. परळी, उदगीर, वसमत, सेलू अशा गावांत दांपत्याचे मिळून चालवलेले हॉस्पिटल हा रुजलेला नमुना आहे : सर्जन आणि भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ, खाली मेडिकल दुकान, वरच्या मजल्यावर घर. प्रसूतीत बाळ अडले तर बालरोगतज्ज्ञ जिन्यावरून दोन मिनिटांत खाली येतो, ही त्या गावासाठी लहान गोष्ट नाही. म्हणून दोन ब्रँच एकमेकींना पूरक असाव्यात हा आग्रह निव्वळ पैशाचा नसतो. पण पूरक ब्रँच निवडताना दोघांपैकी कुणाची आवड आधी धरली, हे बहुतेक घरांत उघड बोलले जात नाही, आणि ते बोलले गेले पाहिजे. चॉइस लॉक होण्याआधी.

अमेरिकेतली व्यवस्था समजून घेतल्याशिवाय इथली उणीव कळत नाही. तिथे निवासी जागांचे वाटप ‘मॅच’ नावाच्या राष्ट्रीय पद्धतीने होते आणि १९८४ पासून जोडप्यांना आपल्या याद्या अधिकृतपणे जोडता येतात. दोघे जागांच्या जोड्या लिहितात : पहिली पसंती, दोघे अमुक शहरात, दुसरी, दोघे तमुक शहरात, अगदी शेवटी, एकाला जागा आणि दुसऱ्याला काहीच नाही, हीसुद्धा एक पसंती म्हणून लिहिता येते. संगणक दोघांना मिळून एकाच जोडीवर बसवतो. त्यामागचे गणित सोपे नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ मध्ये दाखवले की एकेकटे उमेदवार असतील तर ‘स्थिर’ वाटप नेहमी सापडते. स्थिर म्हणजे मिळालेली जागा सोडून एकमेकांकडे जावे असे वाटणारा उमेदवार आणि रुग्णालय शिल्लक न राहणे. जोडपी आली की ती हमी जाते, हे अल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये सिद्ध केले. पुढे रॉथ आणि इलियट पेरन्सन यांनी जोडप्यांना धरून पद्धत नव्याने बांधली. ती १९९८ पासून वापरात आली आणि प्रत्यक्षात सहसा उत्तर सापडत आले आहे. २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल रॉथ आणि शॅपली यांना मिळाले.

भारतात निवड निव्वळ रँकवर होत असल्याने एवढ्या गणिताचीही गरज नाही. ब्रिटनच्या फाउंडेशन प्रोग्रॅममध्ये पूर्वी दोघांनी अर्ज जोडले तर ज्याचे गुण कमी ते दोघांना लागू होत. तोच नियम इथे लावला, म्हणजे जोडप्याचा विचार खालच्या रँकवर केला, तर त्यांच्याहून वरच्या रँकच्या एकाही उमेदवाराची जागा जात नाही. वरच्या रँकचा माणूस स्वखुशीने मागे येतो एवढेच. गुणवत्तेला धक्का लागतो हा आक्षेप म्हणून टिकत नाही. आणि जोडप्याचा विचार सरकारी व्यवस्थेला अनोळखी आहे असेही नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा विशेष संवर्ग भाग २ आहेच, दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर लागू होणारा. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पती-पत्नीला शक्यतो एका ठिकाणी नेमण्याच्या सूचना १९८६ पासून आहेत. निवासी डॉक्टर कागदावर विद्यार्थी ठरतो, म्हणून यातले काही त्याला लागू होत नाही. काम मात्र तो कर्मचाऱ्याहून जास्त करतो.

एका शहरात नंबर लागला तरी घर शोधावे लागते. मुलांचे वसतिगृह वेगळे, मुलींचे वेगळे. वसतिगृहात राहणे आता सक्तीचे नसल्याने जोडपी घाटीजवळ पाणचक्की-ज्युबिली पार्क भागात किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या आसपास खोली घेतात. जिल्हा निवासी कार्यक्रमात प्रत्येकाला तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावे लागते. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात. दोघांची सत्रे आणि जिल्हे जुळावेत म्हणून विभागप्रमुखांना आधीच भेटून सांगणे हा रूढ मार्ग आहे, आणि बरेच विभागप्रमुख ऐकतात. शासकीय महाविद्यालयातून पीजी झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, न केल्यास दंड ५० लाखांचा. तिची नेमणूकही ज्याची त्याला स्वतंत्र निघते, आणि तीच वही पुन्हा काढावी लागते.