‘स्यूडोमोनास’ म्हणून सुटणारा जिवाणू

विश्वामित्रीला पूर आला की बडोद्यात चर्चा मगरींची होते. ऑगस्ट २०२४मध्ये नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली आणि ती ३५ फुटांच्याही वर गेली. पाणी ओसरल्यावर घरोघरी अनवाणीच चिखल उपसला जातो. मधुमेह्याने मात्र त्यात उतरू नये, आणि हे मगरीमुळे नव्हे.

ओल्या मातीत आणि भातखाचरांत बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जिवाणू राहतो. १९१२च्या सुमारास रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी त्याचा आजार पहिल्यांदा नोंदवला. त्याला मेलिओइडोसिस म्हणतात. आपल्याकडे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर त्याचे बरेच रुग्ण सापडले आहेत. पायाच्या भेगेतून किंवा श्वासावाटे जिवाणू आत शिरतो. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जागेवर उशिरा पोहोचतात, गिळलेला जिवाणूही त्यांना धड मारता येत नाही. मधुमेह्याला धोका सुमारे बारापट, आणि निम्म्याअधिक रुग्णांच्या रक्तात जिवाणू सापडतो. ताप बहुधा तीन आठवड्यांच्या आत येतो. कधी जिवाणू कित्येक महिने दबा धरून बसतो.

घोळ निदानात होतो. एक्स-रे पाहून टीबीची औषधं सुरू होतात, किंवा ‘व्हायरल’ म्हणून अँटिबायोटिकची गोळी दिली जाते आणि मग कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. म्हणून पहिल्या डोसाआधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्यायचं, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. त्वचेवर लावलेलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर त्वचेवरचेच जंतू बाटलीत जातात. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. जिवाणू उगवला तरी लॅब अनेकदा त्याला स्यूडोमोनास हा दुसराच जिवाणू ठरवते किंवा बाहेरून मिसळलेला समजून सोडून देते. कोलिस्टिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक चालत नाहीत, पण को-अमॉक्सिक्लॅव चालतं, असा रिपोर्ट दिसला की मायक्रोबायोलॉजिस्टचे कान टवकारायला हवेत. फॉर्मवर ‘मधुमेह, चिखलाशी संपर्क’ एवढं लिहिलेलं असलं तरी लॅबचं काम सोपं होतं. किनारपट्टीच्या गावी भातलावणीला जाऊन आलेल्यांनी तर हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. विचारलं जाईलच, असं नाही.

उपचार लांबलचक आहे. आधी सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून, किमान १० ते १४ दिवस. यकृतात, प्लीहेत गळू असेल तर आणखी. ते शोधायला पोटाची सोनोग्राफी करतातच. ताप उतरायलाच आठवडाभर लागू शकतो, तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असं समजून ते बदलू नये. त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या, साधारण तीन महिने. बरं वाटलं म्हणून महिन्याभरात सोडलं की आजार उलटतो. या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) वाढू शकतं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा पहिल्या आठवड्यात ग्लुकोमीटर हाताशी ठेवावं.

राहता राहिला चिखल. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, रबरी हातमोजे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. काम संपल्यावर साबणाने पाय धुऊन तळवा आरशात पाहायचा, कारण संवेदना गेलेल्या पायाला काच रुतलेली कळत नाही.