आयुष्यातली हरवलेली वर्षं मोजायची कशी?

हवेच्या प्रदूषणामुळे गंगेच्या मैदानातल्या लोकांचं आयुष्य काही वर्षांनी घटतं, असे आकडे आपण हिवाळ्यात हमखास वाचतो. पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘हवा’ असं कारण कुणी लिहीत नाही. मग ही वर्षं मोजली कुणी? शंका रास्त आहे आणि तिचं एक उत्तम उत्तर चीनमधल्या ह्वाय नदीकाठी मिळालं.

१९५०च्या दशकापासून चीन सरकारने या नदीच्या उत्तरेकडच्या शहरांत हिवाळ्यात घरं तापवायला फुकट किंवा नाममात्र दरात कोळसा पुरवला. सगळ्या देशाला पुरेल एवढा पैसा नव्हता, म्हणून नदी हीच हद्द ठरली. वास्तव्याचे नियम इतके कडक होते की माणसाला सहजासहजी गाव बदलता येत नसे. त्यामुळे नदीलगत दोन्ही बाजूंना साधारण सारखीच माणसं, हवा मात्र वेगळी, अशी स्थिती दशकानुदशकं टिकली. मुद्दाम असा प्रयोग करायला जगात कुणी परवानगी दिली नसती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तरेकडे हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांचं प्रमाण ४६ टक्क्यांनी जास्त आणि आयुर्मान ३.१ वर्षांनी कमी आढळलं. जादा मृत्यू होते ते हृदय आणि श्वसनाच्या विकारांचे. इतर कारणांच्या मृत्यूंत नदीच्या अलीकडे-पलीकडे तसा फरक नव्हता. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

अर्थात ३.१ ही सरासरी आहे. कुणाचं फारसं काही बिघडत नाही, कुणाला पन्नाशीत झटका येतो आणि न्यूमोनियाने दगावणाऱ्या तान्ह्या बाळाचं तर अख्खं आयुष्यच जातं.

शरीरात मुख्य घात करतात ते २.५ मायक्रॉनहून बारीक कण. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा दाह होतो, रक्त गुठळ्या धरू लागतं. म्हणूनच प्रदूषणाच्या बळींत हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा एवढा मोठा असतो. भारतात २०१९ साली सुमारे १६.७ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले, असा अंदाज आहे.

गंगेच्या मैदानात भूगोलही प्रतिकूल आहे. उत्तरेला हिमालयाची भिंत, हिवाळ्यात वारा मंद, जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण. चुली, वीटभट्ट्या, औष्णिक वीजकेंद्रं, वाहनं यांचा धूर खालीच कोंडतो. शेतातल्या खतांतून आणि गुरांच्या शेणामुतातून निघणारा अमोनिया वीजकेंद्रांच्या गंधक वायूशी संयोग पावून हवेतच नवे सूक्ष्म कण तयार करतो. पेंढा जाळण्यावरून दरवर्षी गदारोळ होतो, पण तो काही आठवड्यांचा. बाकीचे स्रोत बारमाही आहेत. २.५ मायक्रॉनहून बारीक कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, भारताची ४०, आणि दिल्लीची सरासरी मात्र शंभरच्या आसपास.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती जोखली जाते ती मुख्यतः दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवरून. त्यांत रस्त्यावरची जाडसर धूळ बरीच असते. रस्ते धुऊन, पाणी फवारून हा आकडा खाली येतो. चुलीतून आणि कोळशातून निघणारे बारीक कण त्याने कमी होत नाहीत.