कोब्यावरचं लाकडी फ्लोअरिंग

घरातल्या काँक्रिटच्या कोब्यावर किंवा स्लॅबवर लाकडाच्या नाहीतर लाकडाच्या भुशापासून बनलेल्या पट्ट्या बसवून जी जमीन करतात ते लाकडी फ्लोअरिंग. नागपूरला लाकडी जमीन काही नवी नाही, महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या माडीवर सागाच्या फळ्याच असायच्या, पण त्या तुळयांवर टेकलेल्या, खालून-वरून हवा खाणाऱ्या. कोब्यावर लाकूड घातलं की खालची बाजू बंद होते आणि सगळी भानगड इथूनच सुरू होते. काँक्रिट दिसायला दगड, पण आतून बारीक छिद्रांचं असतं, जमिनीतलं पाणी वर ओढतं. टाइल्सखालीही ओल येतेच, फरक एवढाच की टाइल फुगत नाही.

दुकानात सगळ्यालाच "वुडन" म्हणतात, त्यात चार वेगळ्या वस्तू असतात. अख्ख्या लाकडाची पट्टी, म्हणजे सॉलिड. प्लायच्या आडव्या-उभ्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ थर, म्हणजे इंजिनिअर्ड. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डावर लाकडाचा छापील फोटो, म्हणजे लॅमिनेट. आणि एसपीसी, ज्यात दगडाची भुकटी आणि प्लास्टिक असतं, लाकूड नावालाही नाही. लकडगंजच्या लाकूड बाजारात सागाच्या थप्प्या लागलेल्या असतात, बल्लारशाच्या लाकूड डेपोतला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी गेला, आणि आपण हॉलमध्ये विलायती ओकचा फोटो बसवून राहिलो, असो. कोब्यावर सॉलिड सगळ्यात नाजूक, इंजिनिअर्ड कमी हलतं, लॅमिनेट स्वस्त पण सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

ओल

नागपुरात बऱ्याच भागात खाली काळी माती, ती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ग्राउंड फ्लोअरच्या घरात प्लिंथखाली, म्हणजे जोत्याखाली, मुरुमाची भर किती आणि कशी दाबली यावर वरच्या लाकडाचं आयुष्य ठरतं. वरच्या मजल्यावर जमिनीची ओल नसते, पण नव्या स्लॅबचं स्वतःचं पाणी असतं. २८ दिवसांत काँक्रिटला ताकद येते, ते वाळत नाही. पाणी मारणं बंद केल्यापासून साधारण इंचाला एक महिना असा ठोकताळा आहे, म्हणजे ४ इंची कोब्याला चार महिने, पावसाळा मध्ये आला तर जास्तच.

तपासायची घरगुती पद्धत म्हणजे दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकची जाड पारदर्शक पन्नी चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायची, किमान १६ तास ठेवायची, उन्हाची तिरीप पडणार नाही अशा जागी. आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर थांबायचं. पण इथे एक मेख आहे: मे महिन्यात ही टेस्ट केली तर नागपुरातला जवळपास कोणताही कोबा पास होईल! खरी परीक्षा ऑगस्टमध्ये. पक्कं उत्तर हवं तर कोब्यात भोक पाडून मीटरने आतली आर्द्रता मोजतात.

कूलर

हे कॅटलॉगात सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या वर आणि हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, पण खिडकीतल्या कूलरमुळे आतली खोली दमट, म्हणजे लाकूड भर उन्हाळ्यातच फुगतं, मग पावसाळ्यातही फुगलेलंच राहतं आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आकसून फटी पडतात. शिवाय कूलरच्या तोंडासमोरच्या पट्ट्यांवर बारीक तुषार पडत राहतात. कूलरची खोली असेल तर एसपीसी बरं, किंवा सरळ कोटा फरशी.

बसवताना

पट्ट्यांचे डबे त्याच खोलीत निदान दोन दिवस आडवे ठेवायचे. कोबा सपाट पाहिजे, १० फुटी सरळ पाइप टेकवला तर खाली ५ मिलीमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर चालताना कटकट आवाज येतो. भिंतीलगतच्या फटींत आधीच उधईचं औषध. मग २०० मायक्रॉनची पन्नी, जोडावर २० सेंटीमीटर एकावर एक आणि टेप, वर पातळ फोम, आणि त्यावर पट्ट्या एकमेकींत अडकवून तरंगत्या, म्हणजे कोब्याला न ठोकता-न चिकटवता, ठेवायच्या. पट्ट्या ठोकून बसवायचं म्हटलं तर खिळे पन्नीला भोकं पाडतात, म्हणून ग्राउंड फ्लोअरला तरंगतीच बरी. चारही भिंतींना १० ते १२ मिलीमीटर मोकळी फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकते, पण स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, पट्टीला नाही. आणि जड गोदरेजचं कपाट वर ठेवून तरंगती जमीन एका जागी दाबून टाकू नये.

बिघाड

खऱ्या लाकडाच्या पट्टीची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहिली की कडा वर उचलतात, पट्टी पन्हाळीसारखी होते. अशा वेळी मिस्त्री लगेच मशीन लावून घासायला निघतो. घासू देऊ नका. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करायचं, बाथरूमचा पाइप असो की कूलरची टाकी, आणि लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, बहुतेक वेळा पट्टी बरीचशी आपोआप बसते. ओली असतानाच घासलेली पट्टी वाळल्यावर मधोमध फुगीर आणि कडांना खोल होते, ती मग पुन्हा घासावी नाहीतर बदलावी लागते.