पार्श्वभूमी : ‘स्वमग्न’ या शब्दाने केलेला घोळ

‘ऑटिझम’ म्हणजे इतरांशी संवाद साधण्याची आणि वागण्याची पद्धत लहानपणापासूनच वेगळी असणं. या नावामधल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वतः’. १९११च्या सुमारास एका स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या संदर्भात वापरला. १९४३मध्ये अमेरिकेतल्या एका बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची निरीक्षणं छापताना तोच उचलला आणि मुलांचं एकटं राहणं हे मुख्य लक्षण ठरवलं. त्यानंतरचा बराच काळ ‘आईची माया कमी पडली’ म्हणण्यात वाया गेला.

मराठीत शब्द आला ‘स्वमग्न’. आपल्याकडे ध्यानमग्न साधू असतो, आत्ममग्न कवी असतो. मग्न माणसाला हाक मारून कुणी त्रास देत नाही, आणि घोळ नेमका इथे आहे. ‘मतिमंद’ किंवा ‘वेडसर’पेक्षा हा शब्द सभ्य, म्हणून पालकांना तो बरा वाटला. पण नातेवाइकांना सांगायला जावं तर ऐकू येतं, “अगं, मग त्याला एकट्यालाच बरं वाटत असेल ना?” पुढच्या वाढदिवसाला त्याला बोलावणं येत नाही, आणि न बोलावणाऱ्याला त्यात काही चुकल्यासारखंही वाटत नाही. एकटेपणा एकदा मुलाच्या स्वभावात जमा केला की बाकीचे सुटले. हल्ली काही जण सरळ ‘ऑटिस्टिक’ म्हणतात. सरकारी कागदांवर मात्र ‘स्वमग्न’ पक्का बसला आहे.

१९९५च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, तरी नंतरही अनेकांच्या हाती प्रमाणपत्र पडलं ते ‘मतिमंद’ म्हणूनच. २०१६च्या कायद्याने यादी २१वर नेली. तीत ऑटिझम आहे, तसेच कमी उंचीचे लोक आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेलेही आहेत. वागण्यावरून आणि दिसण्यावरून नाकारले जाणारे असे एका यादीत आले. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, आजही तिच्याबाहेर आहे. ऑटिझमसाठीच्या भारतीय चाचणीत ४० विधानं असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. सुरुवातच नजरेला नजर न देणं, हसून प्रतिसाद न देणं, अलिप्त राहणं यांपासून. समोरच्याने काय केलं, याला रकानाच नाही.

तो रकाना संशोधनात उशिरा उघडला. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या एका ब्रिटिश अभ्यासकाने २०१२मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०१७च्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना ऑटिस्टिक व्यक्तींची काही सेकंदांची चित्रफीत दाखवली, आवाज ऐकवला. तेवढ्यावरून, ऑटिस्टिक नसलेल्यांच्या तुलनेत, त्यांच्याशी ओळख वाढवायची इच्छा कमी दिसली. त्याच व्यक्तींचं बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तेव्हा हा फरक उरला नाही.

लोकलमध्ये खिडकीशी बसलेला सोळा वर्षांचा मुलगा आनंदात हाताचे पंजे फडफडवतो. समोरच्या बाई पर्स मांडीवर ओढून घेतात, शेजारचे काका पुढचं स्टेशन यायच्या आधीच उठतात. तो काय बोलतो, हे ऐकायला कुणी थांबलेलंच नसतं.

समोरच्याला निदान आधी सांगितलं तर पहिलं मत काहीसं सुधारतं, असंही २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे नावाच्या आधी निदान सांगायचं! काही पालक प्रवासात मुलाच्या गळ्यात तसं कार्ड अडकवतात. मूल मोठं झालं की ते कार्ड बहुधा खिशात जातं, आणि नोकरीच्या मुलाखतीला जाताना घरीच राहतं.